लॉर्डसाहेबांचं निशाण

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात विदरबी नावाचे एक शास्त्रज्ञ होते, आणि पट्टीचे गिर्यारोहकही. आल्प्समधली हिमनदी हळूहळू पुढे सरकते, असं त्यांनी लंडनच्या विद्वत्सभेत सांगितलं. अध्यक्ष लॉर्ड कॅस्टरली कडाडले, "थापा! त्या बर्फावर मी महिनाभर तंबू ठोकून होतो. बर्फ तसूभरही हलला नाही. शब्द मागे घ्या, नाहीतर सभा सोडा!"

आयुष्यभराची मेहनत पाण्यात जाणार, असं विदरबींना वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "हलला नाही, हे कशावरून ठरवलंत?"

"तंबूसमोर माझ्या घराण्याचं निशाण होतं. दोघांतलं अंतर तेवढंच राहिलं!"

"आणि निशाण कुठं रोवलं होतंत?"

"बर्फातच!"

"मग लॉर्डसाहेब, तंबू, निशाण आणि तुम्ही, सगळेच वाहत होतात. एकदा काठावरच्या खडकाकडे बघायचं होतंत."

लॉर्डसाहेबांनी नकळत पायांखाली पाहिलं.