रिकाम्या वाटीतलं दही

विद्यापीठाच्या 'अन्न, शाश्वतता आणि संस्कृती' या अभ्यासक्रमात एकच जागा उरली होती, आणि मुलाखत घ्यायला बसले होते विभागप्रमुख डॉ. प्रभुघाटे. मुलाखतीला आलेल्या हेमांगीच्या हातावरची लग्नातली मेंदी बघूनच ते म्हणाले, "बाई, स्वयंपाक येणं वेगळं आणि हा विषय वेगळा. उद्या घरातला असा पदार्थ आणा, जो वर्षानुवर्षं रोज खाल्ला तरी संपत नाही आणि शिळाही होत नाही. नाहीतर जागा दुसऱ्याला."

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलावर दह्याची वाटी ठेवली. सरांनी हसत चमचा घेतला आणि वाटी चाटूनपुसून साफ केली.

"संपलं की हो तुमचं दही!"

"संपलं कुठे, सर? सासरी येताना आईनं डबीतून विरजण दिलं. तिला तिच्या आईनं दिलेलं. आत्ता येताना त्यातलंच चमचाभर मी कँटीनच्या गोदामावशींना दिलं, त्यांनी पातेलंभर दूध विरजलंय. उद्या तुमच्या ताटात हेच दही येईल, तेही ताजं."

सरांनी चमचा खाली ठेवला.

"आमच्या घरचं विरजण आई गेली त्या आठवड्यात मोडलं," ते हळूच म्हणाले. "सुतकात कुणाच्या लक्षातच आलं नाही."

त्यांनी अर्जावर सही केली, वाटी स्वतः धुऊन आणली. "उद्या चमचाभर आणाल?"

"आणीन की! फक्त रोज दूध विरजायला विसरू नका, सर. या विषयात नापास व्हायला एक दिवस पुरतो."