धाग्यावरची रांग

त्या राज्यात सगळे रस्ते वासाचे होते. पुढची मुंगी जमिनीला पोट घासत जायची, मागची तो माग हुंगत यायची, आणि दाणा वारुळात पोचायचा. कुणी वाट चुकायची, कुणी मध्येच गुळाच्या खड्यावर ताव मारून रिकामी परतायची. वारा सुटला की अख्खा दिवस फुकट जायचा. पण घर चाललं होतं.

शेजारचे डोंगळे जास्त दाणा नेऊ लागले, तेव्हा राणीचा जीव थाऱ्यावर राहीना. ती जन्मात वारुळाबाहेर पडली नव्हती. किती मुंग्या राबतात नि किती उंडारतात, तिला कळावं कसं? ती ऊठसूट कारभारणीवर डाफरायची. कारभारीण बिचारी काय सांगणार! तिला एकच काळजी कुरतडत होती. खालच्या कोठीत वारुळाची लेकरं, म्हणजे अळ्या, वाढत होती, थंडी तोंडावर आली होती आणि कोठार अर्धंही भरलं नव्हतं.

अशात कोळी आला. भारी गोड बोलायचा.

"खळ्यापासून थेट महालापर्यंत धागा ताणतो," तो म्हणाला. "मुंग्यांनी धागा धरून चालायचं. वेशीतल्या खुंटाला मुंगी वळसा घालेल, की इथं धागा थरथरेल. एक थरथर म्हणजे एक मुंगी. राणीसरकारांनी बसल्या जागी मोजावं."

राणी हरखली. खोटं कशाला बोला, कारभारीणही हरखली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मुंग्या धागा धरायच्या आणि सवयीनं जमीनही हुंगायच्या; लक्ष दोन्हीकडे, धड एकीकडेही नाही. दाणा आणखी घटला. कारभारणीनं कोळ्याला जाब विचारला, तर तो म्हणतो कसा, "बाई, जुना वास आहे तोवर मुंग्या धागा मनापासून धरायच्या नाहीत. वाटा धुऊन काढा."

कारभारीण घुटमळली. मग तिला कोठीतल्या अळ्या आठवल्या आणि तिनं हुकूम सोडला. मुंग्यांनी दवाचे थेंब लोळवत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा धुऊन टाकल्या. वर नियम झाला, की धागा सोडेल तिला शिधा नाही.

आणि काय सांगावं, जमलं! महालात धागा थरथरू लागला, कोठारात दाणे पडू लागले. कोळी शाबासकी घेऊन डोंगळ्यांकडे नवे धागे लावायला निघून गेला.

एका दुपारी वावटळ उठली. खळ्याकडचा धागा तुटला, आणि त्याचं सुटं टोक भिरभिरत येऊन खुंटालाच चिकटलं; धाग्याचं गोल कडं झालं. रांगेला त्याचं काय! ती धागा धरून चालत राहिली. खुंटाला फेरा घालून पहिली मुंगी शेवटच्या मुंगीच्या मागे लागली. एक म्हातारी तेवढी थबकली, तिनं मिशा लावून जमीन चाचपली. जमिनीला कसलाच वास नव्हता.

"अगं, धागा सोडू नकोस, शिधा जाईल," मागची म्हणाली आणि तिला पुढे रेटलं.

महालात धागा असा थरथरला, जसा आजवर कधी थरथरला नव्हता. राणीला आनंदानं जेवण सुचेना. संध्याकाळी अळ्यांची दाई वर आली.

"कारभारीणबाई, आज दाणाच आला नाही हो. लेकरं तोंडं वासून बसलीत."

"धागा ऐकतेस ना, किती येताहेत? जरा दम धर गं."

दुसऱ्या दिवशी दाई पुन्हा आली. या वेळी तिनं काही मागितलं नाही. एक सुकलेली अळी तिनं कारभारणीच्या पुढ्यात ठेवली आणि गेली.

कारभारीण तशीच बाहेर धावली. वेशीत येऊन पाहते तो काय! खुंटाभोवती मुंग्या फिरत होत्या. कित्येक मरून पडल्या होत्या, आणि उरलेल्या त्यांच्या अंगावरून चालल्या होत्या. एकीच्याही तोंडात दाणा नव्हता.

"थांबा गं! अगं बायांनो, थांबा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. कुणी धागा सोडीना. निदान एकीला तरी ओढून काढावं म्हणून ती रांगेत शिरली. मागून रेटा आला. तोल सावरायला तिनं धागा धरला आणि एक पाऊल टाकलं. मागून पुन्हा रेटा आला, तिनं दुसरं टाकलं.

महालात धागा थरथरला. राणी समाधानानं हसली.

"आणखी एक आली," ती म्हणाली.