सकवारीचं उखळ

चिंचणदऱ्याच्या वेशीबाहेर हा जो काळा कातळ दिसतो ना, त्यात मधोमध हातभर खोल खळगा आहे. पाथरवटाच्या छिन्नीचा नाही तो. मुसळाच्या घावांनी पडलाय, असं सांगतात. सुगी संपली की गावातल्या बाया रोटाचा मसाला घरात कुटत नाहीत, इथं उघड्यावर येऊन कुटतात. भर वाऱ्यात, डोळ्यांत सुंठ जात असली तरी.

फार मागं इथं गुणाबाई नावाची बाई होती. चार लेकांची आई, आणि संशयी अशी की विहिरीचं पाणीसुद्धा हुंगून प्यायची म्हणे. तिच्या धाकट्यानं घाटाखालची बायको करून आणली, सकवार. झालं. घाटाखालची माणसं करणी करतात, हे गुणाबाईच्या डोक्यात आधीपासून पक्कं होतं. पोरगी गप्प राहिली तर हिला वाटायचं, मनात काही शिजतंय. हसली तर वाटायचं, शिजलं.

सुगीनंतर घरचा मोठा रोट करायचा मान नव्या सुनेचा. गव्हाचं जाडं पीठ, गूळ, तूप, वर मसाला. मग पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. सकवारीनं मसाला दार लावून कुटला. वाऱ्यानं पूड उडते म्हणून. गुणाबाई फटीला डोळा लावून बसली, पण दिसली नुसती पाठ.

"जायफळ टाकलंस का गं?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"टाकलं, आत्याबाई."

गुणाबाईला ते खरं वाटेना. हिनं जायफळं लुगड्याच्या ओच्यात दडवली असणार, माहेरी धाडायला. सकवार गोवऱ्या रचायला परसात गेली, तशी गुणाबाईनं आपल्या डब्यातली मूठभर जायफळं कुटून पिठात मळली आणि हात पुसून बसली.

दुपारी रोट निघाला. सगळं घर जेवलं, वाढणारी सकवार तेवढी मागं राहिली. गुणाबाई म्हणाली, आज माझा उपास. खरं तर तिला आधी बघायचं होतं, बाकीच्यांना काय होतंय ते.

आणि झालंच. लेकांचे चेहरे लाल झाले, जिभा कोरड्या पडल्या, बोलता बोलता माना कलल्या. हलवलं तरी कोणी डोळा उघडेना. थोरली सून तुळसा घासभर खाऊन उठली होती, ती तेवढी भिंत धरून उभी. गुणाबाईनं अंगणातनं हाक घातली, हिनं माझं घर मारलं म्हणून.

गाव ह्याच कातळावर जमलं. पाटील म्हणाला, बाईला घाट उतरवून द्या, पुन्हा वर दिसता कामा नये. सकवार रडली नाही. तिनं काय काय घातलं ते सांगितलं. सुंठ, वेलदोडे, बडीशेप, आणि चार जायफळं.

गावची म्हातारी सुईण पुढं आली. तिनं उरलेला रोट हुंगला. "चार? एवढ्या मोठ्या रोटाला चार जायफळांनी मांजर पेंगायचं नाही. ह्यात लई पडलंय. निजलेत ते, उठतील उद्या. पण टाकलं कोणी?"

गुणाबाईच्या ध्यानात आलं. म्हणजे पोरीनं चोरलं नव्हतं. आता तोंड मिटून बसलं की सून आपसूक घाट उतरणार होती. कोणाला कळणारही नव्हतं. तिनं सकवारीकडं पाहिलं. पोरीच्या बोटांवर निखाऱ्याचे फोड होते.

"मी टाकली," गुणाबाई म्हणाली. "मूठभर."

तेवढ्यात मागून तुळसा पुटपुटली, "आत्याबाई, मीबी टाकली. मला वाटलं, हिनं दडवली."

मग शेजारच्या घरातल्या चुलतसासूनं पदर तोंडाला लावला. तिनंही टाकली होती.

"म्हणजे गव्हाचा न्हाई, जायफळाचाच रोट भाजला की गं," सुईण म्हणाली.

सकवारीनं घरातनं मुसळ आणलं आणि कातळावर आपटलं. "आजपास्नं मी दाराआड कुटायची न्हाई. हितं कुटीन. ज्याला काय टाकायचंय त्यानं माझ्या डोळ्यांदेखत टाकावं."

उरलेला रोट गुणाबाईनं उचलला आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत. सुईण नको नको म्हणत होती. लेक जागे झाले तेव्हा ती निजलेली होती, आणि सकवार तिचे ओठ पाण्यानं भिजवत होती. आता ही उठत नाही, असं गाव धरून चाललं होतं. उठली तेव्हा डोळे चोळून सुनेला पहिलं काय म्हणाली असेल?

"गूळ कमी पडला होता गं."

आजही रोटाचा पहिला तुकडा ह्या कातळावर सासूच खाते, आणि तो कितीही गोड असला तरी तिनं हेच म्हणायचं असतं. सून म्हणते, पुढच्या साली घालीन. मगच बाकीच्यांच्या हातात रोट पडतो.