आहे तिथंच थांब

"एवढं काय भांडून राहिले बाप्पा तुम्ही?"

हेरंब आणि शाल्मली गप्पकन थांबले. श्रीलंकेतला डोंगर, डोंगरावरचा विहार, समोर सत्तरीचे सिंहली भिक्खू... आणि तोंडात चक्क नागपूरची मराठी!

"नऊ वर्षं होतो नागपूरले. पाली शिकाले," भंते म्हणाले. "बसा. पाणी प्या. मग भांडा."

अठ्ठावन्न दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिसरं माणूस मराठीत बोललं होतं. शाल्मलीला एकदम भरून आलं. पण हेरंब बघत होता, म्हणून तिनं रडू गिळलं.

आता हे दोघं कोण, ते ऐका. इचलकरंजीचे. लग्नाला दोन वर्षं. तीन महिन्यांची रजा काढून, पाठीवर एकेक बॅग टाकून निघालेले. व्हिएतनाम झालं, लाओस झालं, थायलंड झालं. आणि धमाल तरी किती! ट्रॅक्टरवर बसून गावं पालथी घातली, अनोळखी माणसांच्या लग्नात नाचले, होडीत बसून भेळ केली. पोटं बिघडली, ढेकणांनी फोडून काढलं, शाल्मलीचा फोन नदीत पडला, तेव्हासुद्धा दोघं खदाखदा हसले होते.

आज मात्र बिनसलं होतं.

"खाली बाजारात चुकामूक झाली," हेरंब म्हणाला. "आणि आमचं ठरलंय, चुकामूक झाली तर आहे तिथंच थांबायचं. निघायच्या आधीच मी डायरीत लिहून ठेवलंय."

"म्हणून मी थांबले!" शाल्मली उसळली. "नारळवाल्याजवळ. पाच तास!"

"मग मी काय फिरत होतो? बसस्टँडच्या मागल्या दारात बसलो. जेवायलासुद्धा उठलो नाही."

"पाच तासांत तुला एकदाही वाटलं नाही, उठून हिला शोधावं?"

"तुला वाटलं?"

शेवटी एका रिक्षावाल्याला दोन ठिकाणी दोन सारख्याच पिवळ्या बॅगा दिसल्या. त्यानं शाल्मलीला उचललं आणि हेरंबसमोर आणून सोडलं. भेटल्यावर पहिलं वाक्य काय, तर "आला नाहीस!" दुसरं काय, तर "आली नाहीस!" मग जी जुंपली, की तो बिचारा घाबरला. भारतात राहून आलेल्या भंत्यांच्या पायरीशी दोघांना पोचवून मोकळा झाला.

"हा नियम शिकवला कोनी?" भंत्यांनी विचारलं.

"आईनं. लहानपणी जत्रेत. हरवलास तर जागचा हलू नको म्हणायची, मी येते."

"माझीही हेच म्हणायची," शाल्मली पुटपुटली.

भंते हसले.

"आता काय ठरवलं?"

"साडेपाचच्या बसनं मी कोलंबोला जातो. तिथून घरी."

"आणि मी पुढं जाणार. एकटी."

"मग? फिरणं संपल्यावर?"

शाल्मलीनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. हेरंब बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत बसला. पण गडी भलता मानी.

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "तुम्ही आधी सांगा, चूक कोणाची? नियम मी मोडलेला नाही."

भंते उठले. हातातल्या छत्रीच्या टोकानं त्यांनी मागचा पांढरा स्तूप दाखवला. चांगला थोरला. अलीकडून पलीकडचं माणूस दिसत नव्हतं.

"बाई इकडून. भाऊ तिकडून, बरोब्बर पलीकडून. स्तूप उजव्या हाताले ठेवून चालायचं, उलटं फिरायचं नाही. एकमेकांले भेटले की या. मग सांगतो."

चपला काढून दोघं निघाले. चार वाजले होते, फरशी तव्यासारखी तापलेली. चटके बसत होते, पण आधी कोण ओरडतं म्हणून दोघंही ओठ मिटून.

एक फेरी झाली. शाल्मली दिसेना. हेरंबनं पाय उचलला. हिला मागून गाठतोच, त्याला वाटलं.

पलीकडं शाल्मलीनंही पाय उचलला होता. ह्याला मी गाठते!

दोन फेऱ्या. तीन. फुलं घेऊन आलेल्या आज्या वळून वळून बघायला लागल्या. चौथ्या फेरीला हेरंब जवळजवळ पळत होता आणि पुढं नुसती रिकामी फरशी. अरे, गेली कुठं ही?

आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याला हसूच फुटलं. तो मटकन खाली बसला.

ती येईना.

हसू ओसरलं. तीही थांबली असली तर? सकाळसारखीच? साडेपाचची बस, उद्याचं विमान, सगळं खरं आहे हे त्याला आत्ता कळलं. ती नाही आली तर? तो उठायला लागला, पुन्हा बसला, पुन्हा अर्धवट उठला...

तेवढ्यात वळणावरून शाल्मली आली. लालबुंद, घामाघूम, धापा टाकत. त्याला बघितलं आणि जाऊन आदळलीच.

"थांबलास होय रे! मला कसं कळायचं?"

"मला तरी कुठं माहीत, तू चालत होतीस!"

ती हसत होती का रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोघं एकमेकांना धरून, तळव्यांना फुंकर मारत, लंगडत पायरीशी आले. बसची आठवण काढायला कुणाला सवड होती!

हेरंब नुसता उतू चालला होता. त्यानं बॅगेतून डायरी काढली, नियमाचं पहिलं पान टरकन फाडलं आणि पेन उघडलं.

"कळलं, भंते! दोघं थांबले तरी भेट नाही, दोघं धावले तरी नाही. एकानं थांबायचं, एकानं शोधायचं. आता फक्त एवढं सांगा, थांबायचं कोणी आणि शोधायला निघायचं कोणी? लिहूनच घेतो."

शाल्मलीही पुढं सरकून बसली.

भंते छत्री मिटत होते. त्या दोघांच्या लाल झालेल्या पायांकडं त्यांनी एकदा बघितलं.

"मले काहून विचारता बाप्पा? मले तर कोनी शोधतच नाही."