कोणाला केलं लोकार्पण?

राज्य स्पर्धेसाठी कुरणवाडीने आपलं गायरान दिलं आणि तिथं झकास मैदान झालं. स्पर्धा आटोपताच मंत्री ते एका खासगी क्लबच्या हवाली करायला आले. फीत कापणार, तोच मुलींना खो-खो शिकवणाऱ्या द्वारकाबाई आडव्या आल्या.

मंत्री गुरगुरले, "मैदान आम्ही बांधलं, आम्ही कुणालाही देऊ!"

बाईंनी स्पर्धेच्या उद्घाटनाला फाटकावर बसवलेली संगमरवरी पाटी पदराने पुसली. "इथं लिहिलंय, 'लोकार्पण, मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते.' हे हात तुमचेच ना?"

"अर्थात!"

"मग लोकांना अर्पण केलेलं आधी लोकांकडून परत मागा, साहेब. सगळे समोरच उभे आहेत. पसरा हात!"

मंत्र्यांनी हजारभर मतदारांकडे पाहिलं आणि कात्री परत तबकात ठेवली.