लाकडी पेला आणि चुंबळ

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सगुणामावशीचे हात थरथरत. उकडलेलं अंडं टेबलावरून घरंगळू नये म्हणून सुताराने तिला लाकडी पेला करून दिला. पण कोंबडीचं अंडं त्यात बुडून जाई आणि बदकाचं वरून घसरून पडे.

“अंडीच धड नाहीत,” पेला कुरकुरला. मावशी मात्र उपाशीच उठली.

खुंटीवरची जुनी, चिंध्यांची चुंबळ म्हणाली, “मी हंडा घेतला, कळशी घेतली. जे आलं त्याच्यापुरती दबले.”

“मला दबता येत नाही,” पेला हळूच म्हणाला.

“मग माझी एक चिंधी घे.”

सकाळी पेल्याजवळ पडलेल्या चुंबळीच्या चिंधीचं वेटोळं मावशीने पेल्याच्या तोंडावर बसवलं. बदकाचं अंडं निवांत टेकलं.

“पेला गुणाचा निघाला,” ती जेवता जेवता म्हणाली.

पेल्याला राहवेना.

“मी नुसता उभा आहे,” तो म्हणाला. “धरलंय चुंबळीने.”