ठेका सोडलेली तिमव्वा

फार वर्षांपूर्वी, आपल्या दगडपांढरीत विहीर नव्हती तेव्हाची ही गोष्ट. विहीर खणायला वडारांची पालं आली. त्यांत तिमव्वा होती. तिचा बाप पहार धरून बसायचा आणि ती न् तिचा थोरला भाऊ दुर्गाप्पा आळीपाळीने त्या पहारेवर घण घालायचे. सगळे मिळून ‘हुईस्सा’ म्हणायचे, त्या ठेक्यावर हात पडायचा. एक दिवस ठेक्याचा वेग वाढला, नवशिक्या तिमव्वाचा घण हुकला आणि बापाच्या मनगटाचा चुरा झाला. हात सडला. म्हातारा तापातच गेला.

“बापाला खाल्लंस,” दुर्गाप्पा म्हणाला, आणि त्याने बहिणीशी बोलणंच टाकलं.

पोरगी रडून रडून अर्धी झाली. मग तिने ठेकाच सोडला. दगडावर ज्वारीचा दाणा ठेवायची आणि घण इतका हळू खाली आणायची की दाण्याला शिवावा, पण दाणा फुटू नये. खांदा कुठे वळतो, मनगट कुठे ढिलं पडतं, बघत राहायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

बाया हसायच्या, “अगं बाई, घण आहे की पाळणा?”

हसा म्हणावं! जन्मभर घण मारून गड्यांना जे जमलं नाही, ते तिला एका उन्हाळ्यात जमलं. ती बोट ठेवेल तिथेच दगड उकलायचा, असं म्हणतात.

आणि एक दिवस विहिरीचा कडा ढासळला. दुर्गाप्पा तळाशी अडकला, छातीवर ही भली मोठी शिळा! गड्यांनी सवयीने ठेका धरून घण घातले, तशी शिळा आणखीच खचली. तिमव्वा खाली उतरली आणि तिने सगळ्यांना वर हाकललं.

“तू नको!” भाऊ ओरडला. मग कण्हत म्हणाला, “घण मारायचा तर पटकन मार, जीव चाललाय!”

“दादा, गप पड. घाईनं काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय.”

तिने घण हळूच टेकवला. परत टेकवला. शिळा आवाज न करता दुभंगली, असं म्हणतात. वरच्यांनी दोर लावून दुर्गाप्पाला ओढून घेतलं. तेवढ्यात चिरेतून पाणी उसळलं आणि उरलेला कडाही खाली आला. तिमव्वा खालीच राहिली, ती कुणाला सापडलीच नाही.

ते पाणी अजून आटलेलं नाही. दगडपांढरीत आजही सकाळची पहिली घागर कुणी घरी नेत नाही. पायऱ्या उतरून ती तिमव्वाच्या नावाने परत विहिरीत ओततात, हळू, अजिबात आवाज न करता. आवाज झाला की पुन्हा भरायची. ही रीत दुर्गाप्पाने पाडली. पालं उठली, तो मात्र इथेच राहिला. रोज घागर भरायचा, रोज जपून ओतायचा, रोज पाणी वाजायचं. मरेपर्यंत त्याला ते एकदाही साधलं नाही, असं म्हणतात.